मुंबई बंदराचे बावटे : कोणी चढविले व कोणासाठी?

मुंबई शहराचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे लेखक बहुधा किल्ला, कापसाचा व्यापार, गिरण्या, आगगाडी आणि सभा-चळवळी यांच्याभोवती फिरतात. परंतु समुद्राच्या तोंडाशी उभी राहून ज्यांनी या शहराची रात्रंदिवस राखण केली, त्या टेहळणीच्या जागा, निशाणकाठ्या, दीपगृहे आणि नौदलाची संदेशकेंद्रे यांच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. वास्तविक बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे. येणारे जहाज आपले की परके, व्यापारी की लढाऊ, त्यावर टपाल आहे की तोफा, वादळ किती अंतरावर आहे, हे ज्याला वेळेवर कळते तेच बंदर सुरक्षित. गोदी कितीही मोठी असली आणि बंदराला डोळे नसले, तर त्याची अवस्था राखणदार नसलेल्या वाडीसारखी होते.

आपल्या भंडारी समाजाच्या कित्येक घरांत एखादा आजोबा, पणजोबा किंवा चुलता आगबोटीवर खलाशी, सुकाणी वा सारंग म्हणून नोकरीस होता. त्यांच्या तोंडून बावटे, दिवे, भोंगे यांच्या गोष्टी आपण ऐकल्या; परंतु त्या गोष्टींना इतिहासाचा धागा जोडून दाखविण्याचे काम फारसे झाले नाही. ते काम आपल्या अल्प मतीप्रमाणे या वार्षिक अंकातून करावे, असे आम्ही योजिले आहे. हा धागा ओवताना वाचकांनी एक प्रश्न सतत मनाशी बाळगावा : बावटा पाहिला कोणी, दोर ओढला कोणी, आणि तो बावटा होता कोणासाठी? या एका प्रश्नात मुंबई बंदराचा तीनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, असे आमचे मत आहे.

खांदेरीचा धडा

मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि त्याच्याकडून १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. कंपनीने किल्ला बांधला, वखार थाटली. परंतु बंदराच्या मुखाच्या दक्षिणेस थळच्या किनाऱ्यासमोर असलेली खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे मोकळीच राहिली. त्यांचे मोल प्रथम ओळखले ते छत्रपती शिवाजी महाराजांनी. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटबंदीचे काम सुरू झाले.

इंग्रजांना या खडकाळ बेटाची एवढी धास्ती का वाटावी? कारण उघड आहे. मुंबईत शिरणारे व मुंबईतून निघणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसते. बेट ज्याच्या हाती, त्याला बंदराची सारी हालचाल घरबसल्या कळणार. म्हणूनच त्यांनी बेटाला वेढा घालण्याचा खटाटोप केला. कॅप्टन केग्विन आणि कॅप्टन मिंचिन यांच्या हाताखाली 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज धाडले. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी नागावच्या खाडीतून निघालेल्या मराठी आरमाराने इंग्रजी तांड्यावर चाल केली. त्यांत 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज'ने मात्र तग धरला. इंग्रजांनी समुद्रावर आपले सामर्थ्य राखले खरे, परंतु खांदेरी त्यांना घेता आली नाही. रात्रीच्या अंधारात लहान लहान होड्या रसद घेऊन बेटावर पोचतच राहिल्या. मोठ्या जहाजांना ज्या उथळ पाण्यात शिरता येत नव्हते, त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती आपल्या तांडेलांना होती. पुढे सिद्दीने उंदेरी बळकावली. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तेव्हा ती कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात होती आणि तो हल्लाही फसला.

मायनाक भंडारी यांचे नाव घेताना आपली छाती भरून येते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रसंगातून शिकण्यासारखी गोष्ट पराक्रमापुरतीच नाही. ज्या खडकाला इतरांनी ओसाड म्हणून सोडून दिले होते, त्याच्यावर टेहळणीचे ठाणे होऊ शकते ही दृष्टी मोठी होती.

इंग्रजांना हा धडा पुढील दहा वर्षांत आणखी एकदा मिळाला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६६९ ते १६७७ या आपल्या कारकीर्दीत बेटाच्या रखवालीसाठी भंडाऱ्यांचे पथक उभारले होते व त्याच्या चौक्या बसविल्या होत्या. तरीही १६८९ च्या फेब्रुवारीत सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला, माझगाव त्याने घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून टाकले. हा वेढा १६९० पर्यंत चालला. किल्ल्याच्या बुरुजावर तोफा होत्या. परंतु शत्रू जेथे उतरला तेथे सावध करणारी खूण वेळेवर उठली नाही. भिंत कितीही जाड असली तरी ती स्वतः पाहू शकत नाही.

कंपनी सरकारची निशाणकाठी

अठराव्या शतकात मुंबईचे महत्त्व वाढत गेले. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले आणि मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जाऊ लागली. कंपनीचे आरमार, ज्याला 'बॉम्बे मरीन' म्हणत, येथेच नांगर टाकून असे. १७५६ साली विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांच्या आरमाराचा धाक उरला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलाब्याच्या दक्षिण टोकाला दीपगृह उभे राहिले. कुलाबा त्या वेळी निराळे बेट होते, हे ध्यानात ठेवावे. मुंबईशी त्याला जोडणारा रस्ता १८३८ साली पुरा झाला. म्हणून कुलाब्याच्या टोकावर जे दिसे ते किल्ल्यातील अधिकाऱ्यांपर्यंत पोचविण्यास निशाणांखेरीज दुसरे जलद साधन नव्हते.

ही पद्धत कशी चालत असे, ते तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दीपगृहापाशी एक उंच काठी रोवलेली असे. तिला डोलकाठीप्रमाणे आडवी परबाणे व दोर-कप्प्या असत. टेहळ्याने क्षितिजावर शीड पाहिले की तो जहाजाची दिशा, डोलकाठ्यांची संख्या आणि त्याचे निशाण दुर्बिणीतून न्याहाळी. मग ठरलेल्या संकेताप्रमाणे रंगीत निशाणे, लांब पताका किंवा काळे गोळे काठीवर चढविले जात. किल्ल्यावरील दुसऱ्या काठीपाशी बसलेला माणूस ते वाचून तीच खूण आपल्या काठीवर पुन्हा चढवी. काही मिनिटांतच सरकारी कचेरी, जकात, टपालखाते आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या यांना कळे की जहाज आले आहे. त्या खुणांचा अर्थ सांगणारे तक्ते पंचांगासारखे छापले जात. पुढे १८५७ साली सर्व राष्ट्रांच्या व्यापारी जहाजांस उपयोगी पडेल असा अठरा निशाणांचा संकेतसंग्रह तयार झाला आणि भाषा न येणारे दोन कप्तानही समुद्रावर एकमेकांशी बोलू लागले.

या निशाणकाठीकडे सर्वांत अधिक उत्कंठेने पाहिले जाई ते टपालासाठी. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुमारे ३२ दिवसांत सुएझला पोचली आणि विलायतेचा मार्ग आखूड झाला. तेव्हापासून टपालबोटीचा बावटा म्हणजे गव्हर्नरापासून दलालापर्यंत सर्वांच्या जिवाचा विषय झाला. कापसाचा भाव, लढाईची बातमी, बदलीचा हुकूम, घरची पत्रे, सारे त्या एका बावट्याखालून येई.

परंतु दोर ओढणारा खलाशी त्या बावट्याच्या खाली उभा राहून काय मिळवीत होता? त्याचे कोणतेही पत्र विलायतेहून येणार नव्हते. हुकूम देणारा गोरा, दुर्बीण गोऱ्याच्या हाती, आणि भिजलेला दोर मात्र आपल्या माणसाच्या तळहातावर, अशी ही वाटणी होती. ती एखाद्या काठीपुरती नव्हती. सरकारी आरमाराने पुढे 'इंडियन नेव्ही', 'इंडियन मरीन', 'रॉयल इंडियन मरीन' अशी नावे बदलली. खालच्या डेकवरचे नाविक बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुसलमान बांधवांमधून, भरती होत राहिले. तथापि पहिला हिंदी मनुष्य कमिशन मिळवून अधिकारी झाला तो १९२८ साली.

चुकलेला दिवा आणि अचूक वेळ

कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात बरेच दूर खडकांची रांग गेलेली आहे. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते. १८४० च्या जून महिन्यात 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' ही दोन जहाजे मुंबईच्या अगदी दाराशी येऊन फुटली आणि पुष्कळ माणसे मेली. बंदर समोर दिसत असता मृत्यू यावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. खडक जेथे संपतात तेथे दिवा हवा, तो किनाऱ्यावर असून भागत नाही, ही गोष्ट अशा अपघातांनी शिकविली. तरीही प्रॉन्ग्ज खडकावरील दीपगृह पुरे होण्यास १८७५ साल उजाडले. पोर्ट ट्रस्टचे मुख्य अभियंता टॉमस ऑर्मिस्टन यांनी ते बांधले. ओहोटीच्या थोड्या वेळातच खडक उघडा पडे. तेवढ्यात दगड बसवावयाचा आणि भरती येण्यापूर्वी माघारी फिरावयाचे, अशा रीतीने ते काम झाले. त्याच्या आधी, १८६७ साली, खांदेरीवरही दीपगृह उजळले होते. ज्या बेटासाठी इंग्रजांनी मराठ्यांशी दर्यावर झुंज घेतली, त्याच बेटावर अखेरीस त्यांना आपला दिवा लावावा लागला. मायनाक भंडारींची दृष्टी बरोबर होती, याला याहून निराळा पुरावा कशाला हवा?

दिव्याइतकीच बंदराची दुसरी मोठी खूण म्हणजे वेळ. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम किती अंतरावर आहो, हे ओळखावयाचे तर कप्तानाजवळचे घड्याळ अचूक हवे. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असताना हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवीत असू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे ४ मिनिटांत एक अंश. घड्याळ एक मिनिट चुकले तर मुंबईच्या अक्षांशावर जहाजाचा ठिकाणा सुमारे चौदा सागरी मैलांनी चुकतो. चौदा मैल म्हणजे खोल पाणी आणि खडक यांच्यातील अंतर.

या कामासाठी कंपनी सरकारने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा स्थापिली. ताऱ्यांचे वेध घेऊन तेथे वेळ ठरविली जाई आणि बंदरातील जहाजांना ती कळविण्यासाठी उंच खांबावरून ठरलेल्या क्षणी एक मोठा गोळा खाली सोडीत. गोळा सुटला की प्रत्येक जहाजावरचा अधिकारी आपले घड्याळ जुळवून घेई. पुढे प्रिन्सेस गोदीजवळ घड्याळाचा मनोरा उभा राहिला आणि त्या भागाला लोक 'घड्याळ गोदी' म्हणू लागले, ते नाव अजूनही जुन्या माणसांच्या तोंडी आहे.

याच कुलाबा वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली १८४० च्या सुमारास एक मराठी तरुण सहायक म्हणून लागला. त्याने वयाची विशीही गाठली नव्हती. हे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे गणित व ज्योतिष यांमध्ये महाराष्ट्राला ललामभूत ठरलेले केरूनाना. त्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध केला. इंग्रजी जहाजांची सोय व्हावी म्हणून उभारलेल्या वेधशाळेत जे ज्ञान त्यांनी मिळविले, ते त्यांनी मराठी भाषेत आणि मराठी विद्यार्थ्यांत वाटले. दोर ओढण्याच्या पलीकडे जाऊन खुणेचे शास्त्रच हस्तगत करण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

तीन नंबरचा बावटा

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले आणि १८८० साली पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांना अशा सूचना मिळू लागल्या. १८९८ पासून सर्व बंदरांसाठी खुणांची एकसारखी पद्धत आली. ती अकरा क्रमांकांची. दिवसा काठीवर शंकू व नळकांडी यांच्या आकाराच्या टोपल्या चढवावयाच्या आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावावयाचे. एक व दोन या खुणा दूरच्या वादळाच्या. तीन व चार स्थानिक धोक्याच्या. पाचपासून सातपर्यंत संकटाच्या आणि आठपासून दहापर्यंत महासंकटाच्या.

'तीन नंबरचा बावटा लागला' हे शब्द किनाऱ्यावरील कोणत्या घरी ऐकू आले नाहीत? हे शब्द उठले की वेळूवर ओढलेल्या होड्या तशाच राहत, बायका खाडीकडे डोळे लावून बसत आणि बाहेर गेलेले मचवे दिवे लागणीपर्यंत परतले नाहीत तर चुली पेटत नसत. येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर प्रथमच बदलते. आधीचे बावटे गव्हर्नरासाठी, पेढीसाठी, लढाऊ जहाजासाठी होते. वादळाचा बावटा मात्र समुद्रावर असणाऱ्या सर्वांसाठी होता. इंग्रजी न येणाऱ्या, किंबहुना अक्षरओळखही नसलेल्या तांडेलाला तो वाचता येई. सरकारने तो मुख्यतः मोठ्या जहाजांच्या काळजीने उभारला असेल. परंतु त्याने वाचविलेली माणसे गरिबांच्या घरची होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

अकरावी खूण मात्र निराळी आहे. तिचा अर्थ असा की, वेधशाळेशी संपर्क तुटला आहे, पुढचे आम्हांस कळत नाही, परंतु स्थानिक अधिकाऱ्याच्या मते धोका आहे. या खुणेकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

महायुद्धे आणि बंदराचा पहारा

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली आणि विलायतेची बातमी बोटीच्या आधी येऊ लागली. पुढे बिनतारी यंत्र आले. निशाणकाठीचे दिवस आता संपले, असे कोणालाही वाटले असते. परंतु युद्धाने तिला पुन्हा महत्त्व दिले. युद्धकाळी साम्राज्याच्या संरक्षित बंदरांच्या मुखाशी नौदलाचे खास संदेशठाणे बसविण्याचा प्रघात होता. येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्या ठाण्याने दिव्याने वा निशाणाने हटकावयाचे, त्याने त्या दिवसापुरती ठरलेली गुप्त खूण दाखवावयाची, आणि ती बरोबर असेल तरच आत येऊ द्यावयाचे. ही खूण बिनतारी यंत्राने देणे धोक्याचे, कारण ते बोलणे शत्रूलाही ऐकू जाते. दिव्याचे बोलणे मात्र ज्याच्याकडे रोखले त्यालाच दिसते.

या पहाऱ्याची गरज कल्पनेतील नव्हती. १९१७ च्या फेब्रुवारीत 'वोल्फ' नावाचे जर्मन जहाज साध्या व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन मुंबईच्या बाहेरील समुद्रात सुरुंग पेरून गेले आणि कोणाला पत्ता लागला नाही. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, 'मंगोलिया' ही मोठी उतारूबोट त्यांपैकी एका सुरुंगावर आदळून मुंबईच्या दक्षिणेस बुडाली. टेहळणीच्या एका दिवसाची ढिलाई किती महिन्यांनी भोवते, याचे हे उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी नौदल झपाट्याने वाढले. संदेशवहनाचे काम शिकविण्यासाठी कुलाब्यास 'तलवार' हे नौदलाचे ठाणे होते. निशाणे, हातबावटे, चमकणारा दिवा आणि बिनतारी यंत्र, सर्व प्रकारची संदेशविद्या येथे शिकविली जाई. या शाखेसाठी इंग्रजी येणारी, शाळेतून बऱ्यापैकी शिकून निघालेली मुले लागत. म्हणजे दोर ओढणाऱ्याच्या जागी आता संदेश वाचणारा, लिहिणारा व समजणारा हिंदी तरुण आला होता. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले असल्याने या गोष्टीचे महत्त्व आम्हांला विशेष वाटते. अक्षर हाती आले की हुकूम निमूटपणे पोचविणारा मनुष्य त्या हुकमाचा अर्थ विचारू लागतो.

तलवारवरील आठवडा

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध काम बंद केले. दुसऱ्या दिवशी कॅसल बराकी, फोर्ट बराकी आणि बंदरातील जहाजे त्यांना मिळाली. ज्या काठ्यांवर युनियन जॅक फडकत होता, तो उतरवून तेथे काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा अशी तिन्ही निशाणे एकत्र चढविण्यात आली. नाविकांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. तिचे अध्यक्ष एम. एस. खान हे संदेशवाहक खात्यातील 'सिग्नलमन' आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे 'टेलिग्राफिस्ट' होते, ही गोष्ट सहज घडलेली नाही. ज्यांच्या हाती खुणांची विद्या होती, तेच पुढे आले. बातमी बंदराबंदरांत पोचली. कराचीस 'हिंदुस्थान' जहाजावर लढाई झाली. सुमारे २०,००० नाविक, ७८ जहाजे व २० किनारी ठाणी या उठावात सामील झाली, असे सांगितले जाते.

२१ फेब्रुवारीस कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला. २२ तारखेस मुंबईच्या कामगारांनी हरताळ पाळला आणि रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे बळी पडली. परळला कमल दोंदे यांना गोळी लागून मरण आले. वल्लभभाई पटेल आणि जिना या दोघांनीही शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि २३ फेब्रुवारीस नाविकांनी तो मानला. ४७६ जणांस नोकरीतून काढण्यात आले. नेत्यांचा सल्ला योग्य होता की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तो वाद आम्ही येथे घालीत नाही. परंतु एवढे निश्चित की, मुंबई बंदरातील काठीवर कोणता बावटा चढवावयाचा हे आपल्या लोकांनी आपल्या बुद्धीने ठरविले, असा दिवस इंग्रजी अमलात त्यापूर्वी उजाडला नव्हता. नोकरीवरून दूर झालेले कित्येक तरुण गावी परतून मुकाट्याने संसाराला लागले. त्यांचा सत्कार झाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. कुलाब्यात आता या उठावाचे स्मारक आहे. ज्ञातिबांधवांनी मुलाबाळांसह ते अवश्य पाहावे.

रामदास

या उठावानंतर दीड वर्षाच्या आत, स्वातंत्र्याला अवघा महिना उरला असता, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस. घरी निघालेले चाकरमाने, कामगार, बायकामुले अशी ती गर्दी होती. रेवस-मांडव्याकडील कोळी बांधवांनी जिवावर उदार होऊन कित्येक जणांना वाचविले. परंतु जेथे दीपगृहे, निशाणकाठ्या, गोदीचा मनोरा आणि नौदलाचे संदेशठाणे होते, त्या मुंबईला या अनर्थाची खबर दुपार उलटेपर्यंत नव्हती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहत, वाहत एक लहान मुलगा गेटवेपाशी लागला, तेव्हा शहराला कळले.

याच मार्गाने व याच समुद्रात १९२७ साली 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षे गेली. लढाऊ जहाजाशी क्षणात बोलण्याची विद्या बंदरात होती, परंतु सामान्य उतारूंच्या बोटीवर ती ठेवण्याची निकड कोणास वाटली नाही. यात कोणा एकाला दोष देणे हा आमचा हेतू नाही. परंतु खूण ज्यांच्यासाठी उभारली जाते त्यांच्यापुरतीच ती काम करते, हा या साऱ्या इतिहासाचा कडू निष्कर्ष होय.

आजचे कर्तव्य

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ बदलले. ज्या कॅसल बराकींनी इंग्रजी सत्तेचा तोरा पाहिला, तेथील नौदलाच्या ठाण्याला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव मिळाले. १९५८ साली व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९९८ मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि २०२५ साली खांदेरी किल्ल्याचा मराठ्यांच्या अन्य किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. बावटा आता आपला, काठी आपली आणि दुर्बीणही आपली आहे.

तथापि बावटा आपला झाला म्हणजे तो वाचण्याची जबाबदारी दुसऱ्याची, असे होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गाने येऊन मच्छीमारनगरच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांना प्रथम हटकले ते तेथील साध्या वस्तीतील माणसांनी. १६८९ साली शिवडीस जे घडले त्याचीच ही तीनशे वर्षांनंतरची पुनरावृत्ती होती. त्यानंतर किनाऱ्यावर, दीपगृहांवरसुद्धा, टेहळणीची रडार यंत्रे बसली, हे उत्तम झाले. परंतु यंत्राने पाहिले तरी ओळखावे लागते ते माणसानेच, आणि किनाऱ्यावरील परक्या होडीची चाल किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाइतकी कोणालाही ओळखता येत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची दोन गोष्टींची विनंती आहे. पहिली अशी की, किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मुलांना पोहणे, वारा-भरती ओळखणे आणि बंदरावरील वादळाच्या खुणा वाचणे हे अवश्य शिकवावे. हे शिक्षण जुनाट नव्हे. हाती फोन असलेली पोरे काळ्या ढगाकडे पाठ करून वेळूवर बसलेली आम्ही पाहतो, तेव्हा काळजी वाटते.

दुसरी विनंती अशी की, ज्यांच्या घरात आरमार, गोदी, पोर्ट ट्रस्ट किंवा दीपगृह यांमध्ये नोकरी केलेले वडीलधारे होऊन गेले, त्यांनी त्यांची नोकरीची बुके, बिल्ले, छायाचित्रे आणि पत्रे जपून ठेवावी. कोणत्या बोटीवर, कोणत्या साली, काय हुद्द्यावर, एवढे चार ओळींत लिहून संस्थेच्या कचेरीत द्यावे. संस्थेने त्याची एक वही ठेवावी आणि दर वर्षीच्या अंकात त्यांतील काही भाग छापावा. इंग्रजी कागदपत्रांत कप्तानांची नावे सापडतात; दोर ओढणाऱ्यांची सापडत नाहीत. ती फक्त आपल्या घरांत आहेत, आणि ज्यांना ती आठवतात ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

वर आम्ही अकराव्या खुणेचा उल्लेख केला. संपर्क तुटला आहे आणि धोका आहे, असा तिचा अर्थ. मागल्या पिढीशी आपला संपर्क अद्यापि पुरता तुटलेला नाही. तो तुटण्यापूर्वी आपल्या माणसांची नावे वहीत उतरवून घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.